चिप हाक मारते, सेन्सर हुंकार देतो

गावरान कोंबडीची पिल्लं काढायला आपल्यातल्या काही गटांनी अंडी उबवणी यंत्र घेतलं आहे. साडेसदतीस अंशांच्या आसपास तापमान, २१ दिवस, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण मधेच पडद्यावरचा आकडा गायब झाला की जीव टांगणीला लागतो. दुरुस्तीवाला म्हणतो, "ताई, अख्खं सर्किट बदलावं लागेल." दर वेळी तसं नसतं. म्हणून आज त्या डबीत कोण कोणाशी कसं बोलतं ते बघू.

डबीत एक चिप असते. उदाहरणाला आम्ही एटी-टायनी ८५ घेतो. आठ पायांची, शेंगदाण्याएवढी. आठातले दोन पाय विजेला जातात, एक बहुधा रीसेटला. उरले पाच. तेवढ्यावर तापमानाचा सेन्सर, पडदा आणि बल्ब चालू-बंद करणारा रिले सांभाळायचा. म्हणून एकाच तारेवर अनेकांना बोलावं लागतं. त्यासाठी या चिपमध्ये एकच भाग आहे आणि तो दोन रीतींनी चालतो : दोन तारांची रीत आणि तीन तारांची रीत.

दोन तारांच्या रीतीला आय-टू-सी म्हणतात. ती फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली. एका तारेवर टाळीसारखा ताल, दुसरीवर निरोप. सेन्सर आणि पडदा दोघंही याच दोन तारांना बांधलेले. प्रत्येकाला एक क्रमांक असतो. चिप आधी क्रमांक पुकारते. आठ ताल झाले की नवव्या तालाला ज्याचा क्रमांक तो तार क्षणभर खाली ओढतो. आजी गोष्ट सांगताना आपण "हूं" म्हणायचो ना, तसाच हा हुंकार. तो आला नाही की चिपला लगेच कळतं, तिकडे कोणी ऐकत नाही.

यात एक गंमत आहे. तार खाली सगळे ओढतात, वर कोणीच ढकलत नाही. वर धरून ठेवायला छोटे रेझिस्टर बसवलेले असतात, स्प्रिंगच्या दारासारखे. तार लांबवली की ते दार आळसावतं, उशिरा बंद होतं आणि निरोप बिघडतो. ही रीत मुळात एकाच सर्किटवरच्या भागांसाठी आहे. यंत्र गोठ्यात आणि पडदा स्वयंपाकघरात, अशी वीस फूट वायर जोडून मागू नका. एकाच क्रमांकाचे दोन सेन्सर लावले तर दोघं एकदम बोलतात. काही सेन्सरवर क्रमांक बदलायची सोय असते, ती विचारून घ्या.

तीन तारांची रीत, म्हणजे एस-पी-आय, वेगवान. ताल, जाणारा निरोप, येणारा निरोप. जोडीला प्रत्येकाला "तुझी पाळी" सांगणारी वेगळी तार लागते, म्हणजे तीन नावापुरत्याच. शेजारणीची वाटी भरून द्यावी आणि तिने तिची आपल्या हातात ठेवावी, तशी इथे देवाणघेवाण एकाच वेळी होते. पण हुंकार नाही! तार तुटली तरी चिपच्या हातात काहीतरी पडतंच, कधी सगळे शून्य, कधी सगळे एक. त्याला तापमान समजून बल्ब पेटताच ठेवला तर अंडी उकडतील. तो आकडा खोटा आहे हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच पकडायला हवं.

म्हणून यंत्र घेताना आम्ही एकच प्रश्न आधी विचारायला सांगतो : सेन्सर गप्प झाला तर बल्ब बंद होतो का? अंडी ठेवण्याआधी विक्रेत्याकडूनच करून बघा. प्लग काढायचा, सेन्सरची वायर सोडवायची, डबी बंद करून यंत्र चालू करायचं. बल्ब पेटला नाही आणि भोंगा वाजला तर ठीक. पेटून राहिला तर ते यंत्र घेऊ नका.

आणि घरचं यंत्र बंद पडलं तर? बल्बची वायर २३० व्होल्टची असते, तेव्हा प्लग काढल्याशिवाय डबी उघडायची नाही. गोठ्यातल्या ओलीने सेन्सरच्या कनेक्टरवर हिरवट थर बसतो. तो पुसून वायर घट्ट बसवून बघा. मग दुरुस्तीवाल्याला मल्टिमीटरने प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायला सांगा. सर्किटचे पैसे त्यानंतर बोला. तोवर आत साधा थर्मामीटर ठेवलेला असू द्या.