एक बोट उचला, सेव्हन्थ कॉर्ड वाजते



मुलगा जालन्याला किंवा संभाजीनगरला शिकायला जातो आणि त्याची गिटार घरी कपाटावर राहते. एखाद्या दुपारी कामे आटोपल्यावर आई ती खाली काढते, धूळ पुसते, मोबाईलवर बघून दोन-तीन कॉर्ड शिकते. मग एफ नावाची कॉर्ड येते. तिच्यात तर्जनी तारांवर आडवी दाबून धरायची असते. बोटे दुखतात, तारा खडखडतात, घरातले कुणीतरी म्हणते, "आता या वयात कशाला?" आणि गिटार पुन्हा कपाटावर जाते. माझीही गेली होती, चांगली सहा महिने. ती परत खाली आली ती सेव्हन्थ कॉर्डमुळे. म्हणून आज तिच्याविषयी बोलू.

नावाला घाबरू नका. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. साध्या मेजर कॉर्डमध्ये तीन स्वर असतात: सा, ग आणि प. मोजून बघा, सा पहिला, ग तिसरा, प पाचवा. म्हणजे एक सोडून एक. त्याच हिशेबाने पुढे सातवा येतो नि. हा चौथा स्वर मिसळला की झाली सेव्हन्थ. आपण सुरुवातीला जी शिकतो तिच्यात हा नि कोमल असतो.

पेटीवर पांढरी एकचा सा धरा. पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच आणि काळी पाच एकदम दाबा. ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटेल, कुणी "मग काय झालं..." एवढे म्हणून थांबावे तसे. आता पांढरी चार, पांढरी सहा आणि वरची पांढरी एक दाबा. जीव खाली बसतो. याचे कारण असे, की ग अर्ध्या स्वराने वर चढून म ला भेटतो आणि कोमल नि अर्ध्या स्वराने उतरून ध ला. दोघांनाही शेजारी जायची ओढ असते. ती ओढ लावणे हेच सेव्हन्थचे काम.

आता गिटारकडे येऊ. आधी मोबाईलवरच्या ट्यूनरने तारा सुरात लावून घ्या. सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात, आपण पडदा म्हणू.

स्वर वाढला म्हणजे बोटही वाढणार असे वाटते ना? इथे उलट आहे. ई मेजर धरा: मधले बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, तर्जनी तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर. आता फक्त अनामिका उचला. चौथी तार मोकळी वाजली, ती डी, आणि डी हाच ईचा कोमल नि. झाली ई सेव्हन्थ. ए मेजरमध्ये चौथी, तिसरी आणि दुसरी तार दुसऱ्या पडद्यावर दाबलेली असते. त्यातल्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या तारेवरचे बोट उचला, की ए सेव्हन्थ. तिच्यात सहावी तार छेडू नका.

डी सेव्हन्थला मात्र डीचा बोटांचा त्रिकोण उलटा करावा लागतो: पहिली व तिसरी तार दुसऱ्या पडद्यावर, दुसरी तार पहिल्या पडद्यावर. बी सेव्हन्थला चारही बोटे लागतात, तिला महिनाभर तरी थांबू द्या.

सराव केरव्यावर करा. आठ मात्रा ए, आठ मात्रा ए सेव्हन्थ, आठ मात्रा डी, आठ मात्रा ई सेव्हन्थ, की पुन्हा ए. ए सेव्हन्थ तुम्हाला डीकडे नेते आणि ई सेव्हन्थ ए कडे परत आणते. या सगळ्या फेरीत ती छळणारी एफ कुठेच येत नाही. रोज दहा मिनिटे पुरेत. पहिला आठवडा नुसते बोट उचलायचे आणि ठेवायचे. मग एकेक तार वेगळी छेडून बघा. मोकळी तार दबल्यासारखी वाजली, तर शेजारचे बोट तिला टेकते आहे. बोट कमानीसारखे वाकवून टोकाने दाबा. डाव्या हाताची नखे बारीक कापा. बांगड्या काढायच्या नसतील तर वर सरकवून वरून रुमाल बांधा.

हे सूर आपल्या कानाला नवे नाहीत. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुले लिहिलेले संगीत वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. त्यांतले कितीतरी जण पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस, जन्म 1927, यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात जे नाव येते ते याच गुरूंचे. अशा लोकांनी आपल्या चालींखाली कॉर्ड पेरल्या आणि त्या रेडिओवरून घराघरांत पोचल्या.

एक सावधगिरी सांगते. भजनाखाली सेव्हन्थ सरसकट लावू नका. ए ला सा मानले तर ई सेव्हन्थमध्ये प, नि, रे, म हे स्वर येतात. भूप रागात म आणि नि वर्ज्य आहेत, म्हणजे नेमके नको ते दोन स्वर वाजतील. तिथे सा आणि प एवढेच धरा. आधी गाणारीचा सूर ऐकायचा, मग बोटे ठेवायची.

आणि कुणी वय काढलेच, तर वाद घालू नका. ए सेव्हन्थ वाजवा आणि तिथेच थांबा. पुढचा सूर कुठे गेला, असे विचारायला तेच माणूस दारात येईल. मग डी वाजवा.