कायद्यातून ‘दुष्काळ’ हटला, गावांच्या आठवणीतून का नाही?

मराठवाड्यात किंवा माणदेशात एखाद्या आजीला वय विचारलं, तर अनेकदा उत्तर येतं, “७२ च्या दुष्काळात माझं लग्न झालं होतं.” गावांसाठी दुष्काळ ही काळ मोजण्याची खूण आहे.

पण सरकारी कागदावर हा शब्द सहज येत नाही. महाराष्ट्राने १९६३ मध्ये कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून इंग्रजीतला ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला. त्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई आली. नंतर अनेक वर्षं ‘टंचाईसदृश परिस्थिती’ हेच शब्द ऐकू येत राहिले.

सरकार दुष्काळ कसा मोजतं?

वर्षानुवर्षं आधार होता पैसेवारीचा. गावातल्या पिकाची प्रमाण उत्पादनाशी तुलना होते. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली, की सवलतींचा मार्ग मोकळा होतो. २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा आणि भूजल असे निकष आले.

आणि गाव?

गावाला चाहूल आधीच लागते. कडब्याचे भाव चढतात. बाजारात विकायला आलेली जनावरं वाढतात, त्यामुळे त्यांचे भाव पडतात. मग सावकार, गहाण दागिने आणि शेवटी घराला कुलूप. कागदावर दुष्काळ जाहीर होईपर्यंत बैलजोडी गेलेली असते. पुढच्या वर्षी पाऊस झाला तरी पेरणी कशाने करायची, हा प्रश्न उरतो.

७२ चा दुष्काळ वेगळा का?

तेव्हा मोठा प्रश्न धान्याचा होता. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. त्या पिढीला आजही आठवते ती सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला.

म्हणूनच जुनी माणसं म्हणतात, “तेव्हा पाणी होतं, धान्य नव्हतं. आता धान्य आहे, पाणी नाही.” एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

शब्दाने काय फरक पडतो?

दुष्काळ जाहीर झाला, तर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी मिळू शकते. शब्द उशिरा आला, की ही मदतही उशिरा येते. गाव मात्र तोवर वाट बघत थांबू शकत नाही.