शाळेचा निधी : कुठून येतो, कसा मागायचा, हिशेब कुणी बघायचा?

लेखन : क्षेत्र समन्वयक



गटाच्या बैठकीत शाळेचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "आपल्या शाळेला पैसाच येत नाही." आणि दुसरं, "ते गुरुजी बघतील, आपल्याला त्यातलं काय कळतंय?" म्हणून या अंकात फक्त शाळेच्या पैशाबद्दल लिहिते आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला पैसा येतो. तो थोडा असतो, पण येतो. आणि तो कशावर खर्च व्हावा हे ठरवण्याचा अधिकार कायद्यानेच पालकांना दिला आहे.

हा विषय आपला का आहे, ते आधी सांगते. शाळेच्या शौचालयात पाणी नसलं, दाराला कडी नसली, की सातवी-आठवीतली मुलगी पाळीच्या दिवसांत घरी बसते. महिन्याला चार दिवस धरले तर दहा महिन्यांत चाळीस दिवस होतात. त्यातले रविवार आणि सुट्ट्या वजा केल्या तरी महिनाभराची शाळा बुडते. मग गणित मागे पडतं, परीक्षा अवघड जाते आणि घरात बोलणं सुरू होतं, "हिचं शाळेत लक्ष नाही, लग्नाचं बघूया." हे सगळं अडलेलं असतं एका टाकीवर, एका नळावर आणि एका कडीवर. त्याचा खर्च आपल्या गटातल्या एखाद्या अंतर्गत कर्जाएवढाच असतो.

अधिकार कुणाला आहे?

२००९ साली शिक्षणाचा हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य बायका असाव्या लागतात. वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यात जागा द्यावी लागते. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात.

समितीची कामं कायद्यातच लिहिली आहेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि सरकारकडून, ग्रामपंचायतीकडून किंवा आणखी कुठूनही आलेल्या अनुदानाचा वापर कसा होतो ते बघणं. म्हणजे हिशेब विचारणं हा आगाऊपणा नाही, ते समितीचं कामच आहे.

आपल्यातल्या कितीतरी जणी या समितीत आहेत. पण काहींना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं. सही मागितली की करायची, एवढंच. तेव्हा पहिली गोष्ट ही करा. शाळेत जाऊन सदस्यांची यादी बघा आणि आपल्या गटातली कोण त्यात आहे ते शोधा.

दरवर्षी येणारं अनुदान

२०१८-१९ पासून देशात समग्र शिक्षा ही योजना सुरू आहे. तिचा खर्च आपल्या राज्यात केंद्र सरकार ६० टक्के आणि राज्य सरकार ४० टक्के असा उचलतं. त्यातून शाळेला 'संयुक्त शाळा अनुदान' मिळतं. ते पटावर ठरतं. योजनेत ठरवलेली वर्षाची रक्कम अशी :

- पट १ ते ३० : १० हजार रुपये
- पट ३१ ते १०० : २५ हजार रुपये
- पट १०१ ते २५० : ५० हजार रुपये
- पट २५१ ते १,००० : ७५ हजार रुपये
- पट १,००० च्या वर : १ लाख रुपये

आता नीट बघा. तीस मुलं असली तर दहा हजार आणि एकतीस झाली तर पंचवीस हजार. एका मुलाने पंधरा हजारांचा फरक पडतो. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेलं मूल, वीटभट्टीवरचं मूल, वस्तीवरचं शाळेत नाव न घातलेलं मूल, यांची नोंद झाली की आधी त्या मुलाचं भलं होतं आणि शाळेचा निधीही वाढतो. हा पट यूडायस नावाच्या सरकारी नोंदीतून घेतला जातो. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो आणि आपल्या राज्यातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. या नोंदीत फक्त पट नसतो. शौचालय, पाणी, वीज, रॅम्प आहे की नाही हेही भरलेलं असतं. मोडकं शौचालय तिथे 'वापरात आहे' असं भरलं गेलं, तर वरच्या कार्यालयाला वाटणार की इथे काही गरजच नाही. म्हणून माहिती भरली की समितीसमोर एकदा वाचून दाखवायला सांगा.

हे अनुदान कशाला वापरता येतं? शाळेच्या इमारतीची आणि शौचालयाची डागडुजी, वीजबिल, पाणी, इंटरनेट, शिकवण्याचं साहित्य, बंद पडलेल्या वस्तूंची दुरुस्ती यासाठी. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. पंचवीस हजार असतील तर अडीच हजार. हात धुवायचा साबण, फिनेल, शौचालयाची सफाई यासाठी ते आहेत. नवीन वर्गखोली मात्र यातून बांधता येत नाही.

याशिवाय खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत तरतूद आहे. वाचनालयाच्या पुस्तकांसाठी वेगळी रक्कम असते. गणवेशासाठी सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालील मुलं यांना प्रत्येकी वर्षाला ६०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. ज्या गटांकडे शिलाई मशीन आहेत त्यांनी गणवेशाच्या खरेदीच्या वेळी समितीकडे आपलं कोटेशन जरूर द्यावं. आपल्याच गटातली बाई समितीत असेल, तर त्या ठरावाच्या वेळी तिने बाजूला राहावं. म्हणजे उद्या कुणी बोट दाखवणार नाही.

एक तारीख पक्की लक्षात ठेवा, ३१ मार्च. त्या दिवशी आर्थिक वर्ष संपतं आणि न वापरलेली रक्कम हातची जाते. मार्चमध्ये घाईने काहीबाही विकत घेण्यापेक्षा पैसे आल्याचं कळलं की लगेच बैठक लावा.

ग्रामपंचायतीचा पैसा

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो. त्यातला एक हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला असतो. शाळेची पाण्याची टाकी, हात धुण्याची जागा, शौचालयाची दुरुस्ती ही कामं त्यात बसू शकतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, तेही विचारा.

पण हे काम गावाच्या विकास आराखड्यात आलं पाहिजे. 'आमचा गाव, आमचा विकास' म्हणतो तो आराखडा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होते. इथे आपल्या हातात दोन दारं आहेत. पहिलं, आपला ग्रामसंघ दरवर्षी गाव दारिद्र्य निर्मूलन आराखडा करतो. त्यात सार्वजनिक सोयींचा भाग असतो, तिथे शाळेची गरज लिहा. दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसा नियमच आहे. त्या सभेत ठराव करा आणि तो ग्रामसभेत वाचायला लावा. ग्रामसभेत मागे बसून कुजबुजलेली मागणी कुणाच्या वहीत जात नाही.

कंपन्या आणि दाते

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. यालाच सीएसआर म्हणतात. वर्षाला ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेली कंपनी यात येते. शिक्षण हा त्या यादीतला विषय आहे. आपल्या तालुक्यातली कारखानदारी, एमआयडीसी, पवनचक्क्या, सौर प्रकल्प आठवून बघा. कंपनी हा पैसा स्वतः खर्च करते किंवा सीएसआर-१ नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत देते. गटाच्या खात्यात तो येणार नाही, आणि आपण तशी अपेक्षाही ठेवू नये. मागणीचा अर्ज शाळेच्या नावाने, समितीच्या ठरावासह आणि मुख्याध्यापकांच्या सहीने जायला हवा.

दुसरा रस्ता विद्यांजली या सरकारी पोर्टलचा. ते ७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालं. मुख्याध्यापक तिथे शाळेची नोंदणी करून गरज टाकतात, जसं की पंखे, पुस्तकं, संगणक. कुणी दाता किंवा माजी विद्यार्थी ती वस्तू देऊ शकतो, किंवा स्वतः येऊन मुलांना शिकवू शकतो. रोख पैसे तिथे दिले-घेतले जात नाहीत.

इथे एक सावधगिरी. "शाळेला दहा लाख मिळवून देतो, आधी फाइलचे पाच हजार भरा," असं म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. यातल्या कुठल्याच अनुदानासाठी एजंट लागत नाही.

मागणी कशी लिहायची?

"शाळेत सोयी नाहीत, तरी मदत करावी," असा अर्ज वाचून कुणालाच काही करता येत नाही. गटाचं कर्ज मागताना आपण काय सांगतो? किती हवेत, कशाला हवेत, कसे फेडणार. अर्जही तसाच लिहा. हा नमुना बघा :

"आमच्या शाळेचा पट ४२ असून त्यात २३ मुली आहेत. मुलींच्या शौचालयात पाणी नाही, कारण टाकी फुटली आहे. ५०० लिटरची एक टाकी, पाइप, दोन नळ आणि दाराची दुरुस्ती एवढं काम आहे. दोन दुकानांची कोटेशन आणि आजचे फोटो सोबत जोडले आहेत. शाळा व्यवस्थापन समितीने याबाबत ठराव केला असून त्याची प्रत जोडली आहे. काम झाल्यावर रोजच्या देखभालीवर ग्रामसंघाच्या दोन सदस्या लक्ष ठेवतील."

यातलं शेवटचं वाक्य विसरू नका. दिलेली वस्तू सहा महिन्यांनी धूळ खात पडेल, अशी भीती देणाऱ्याला असते. सांभाळणारी माणसं दिसली की त्याचा हात मोकळा होतो. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या आणि ती फाइलला लावा.

मोठ्या गरजांसाठी, म्हणजे नवीन खोली किंवा संरक्षक भिंतीसाठी, शाळा विकास आराखडा लागतो. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग असतो. मार्च संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत तो तयार ठेवावा. मुला-मुलींची वेगळी शौचालयं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची खोली, मैदान, कुंपण, वाचनालय आणि अपंग मुलाला आत येता येईल अशी वाट, हे सगळं कायद्याच्या परिशिष्टात आहे. म्हणून आराखड्यात ते उपकाराच्या भाषेत लिहू नका. "कायद्याप्रमाणे हे असायला हवं, आमच्याकडे ते नाही," असं सरळ लिहा.

हिशेब

हा भाग तर तुम्ही डोळे मिटून कराल. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय आहे? नियमित लेखे. शाळेसाठीही तेच. किती आले, कधी आले, कशावर गेले, पावती कुठे आहे, घेतलेली वस्तू साठा रजिस्टरला चढली का. समितीच्या बैठकीत हे पाच प्रश्न शांतपणे विचारा. कोऱ्या इतिवृत्तावर सही करू नका. आपल्या गटाच्या कोऱ्या प्रोसिडिंगवर आपण करतो का? कुणी देणगी दिली तर तीही रजिस्टरला चढली पाहिजे आणि दात्याला पावती मिळाली पाहिजे.

बोलताना गुरुजी-मॅडमना आरोपी करू नका. छोट्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात आणि वर ऑनलाइन माहितीही तेच भरतात. कोटेशन आणायला, मोजमाप घ्यायला, गवंडी शोधायला चार बायका सोबत आल्या तर त्यांनाही हायसं वाटतं. तरीही कुठे हिशेब मिळतच नसेल, तर आधी केंद्रप्रमुख आणि मग गटशिक्षणाधिकारी यांना लेखी विचारा. शेवटी माहितीचा अधिकार आहेच. त्याच्या अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

या महिन्यात एवढं करा

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत शाळेचा विषय अजेंड्यावर घ्या. समितीत आपल्या कोण कोण आहेत, शाळेचा पट किती आहे आणि या वर्षीचं अनुदान किती आलं, या तीन गोष्टी लिहून आणायचं काम दोघींना द्या. मग सगळ्याजणी एकदा शाळेत चक्कर मारा. मुलींचं शौचालय स्वतः उघडून बघा, नळ सोडून बघा, कडी लावून बघा. जे दिसेल ते वहीत उतरवा. पहिला अर्ज त्याच वहीतून तयार होईल. लिहिताना कुठे अडलात तर आपल्या सीआरपी ताईंना सांगा, प्रभागसंघाच्या बैठकीत आपण मिळून तो अर्ज पूर्ण करू.