पानात शिरणारे सूत्रकृमी

सूत्रकृमी म्हटले की शेतकऱ्याला मुळांवरच्या गाठी आठवतात. ॲफेलेंकॉइडिस वंशातील काही जाती मात्र मातीपेक्षा पानांत, कळ्यांत आणि शेंड्यात रमतात. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, म्हणून नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. पाऊस, दव किंवा तुषार सिंचनाने खोडावर पाण्याचा पातळ थर साचला की त्यातून पोहत त्या वर चढतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात.

शेवंतीवर लक्षण स्पष्ट दिसते. मोठ्या शिरा ओलांडणे या कृमींना जड जाते. त्यामुळे दोन शिरांमधला कोनाकृती तुकडा आधी पिवळा, मग तपकिरी-काळा पडतो. खालची पाने आधी वाळतात. अनेकदा हा बुरशीचा करपा समजून बुरशीनाशक फवारले जाते, आणि ते पैसे वायाच जातात. खात्री करणे सोपे आहे: डागाळलेले पान फाडून पेलाभर पाण्यात काही तास ठेवावे आणि तळाचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. वळवळणारे कृमी दिसतात.

भातावर याच वंशातील बेसेयी ही जात पानांची टोके पांढरी करते. ती कोरड्या दाण्यात तुसाखाली दोन-तीन वर्षेही तग धरते. निशिगंधाच्या कळ्याही तीच बिघडवते.

एकदा पानात शिरलेल्या कृमींवर फवारणीचा फारसा भरवसा नाही. रोगट पाने व झाडे जाळावीत, पाणी मुळाशी द्यावे, लागवडीत अंतर ठेवावे आणि छाटकलमे निरोगी झाडांचीच घ्यावीत. भाताचे बियाणे आधी थंड पाण्यात भिजवून मग सुमारे ५२ अंश सेल्सिअस पाण्यात १५ मिनिटे ठेवतात. तापमान मात्र थर्मामीटरनेच मोजावे. थोडे जास्त झाले तरी उगवण घटते.