दर्याची खबर आणि आपली वही

मासळीच्या धंद्यात खर्च आधी आणि कमाई नंतर. नौका बंदराबाहेर पडण्यापूर्वीच डिझेल, बर्फ आणि खलाशांच्या शिध्याचे पैसे गेलेले असतात. जाळ्यात काही आले नाही, तर नाखव्याबरोबर लिलाववाले, बर्फवाले व जाळी विणणारे कारागीर यांनाही झळ बसते. म्हणून मासळी कोठे आहे याची खबर हेही एक भांडवलच आहे.

ही खबर एका खात्याकडे नसते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य उपग्रह टिपतात. वादळवाऱ्याचा अंदाज हवामान खाते देते. कोणती मासळी किती उतरली, याचा अंदाज कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था निवडक बंदरांवर मोजणी करून बांधते. हैदराबादेत १९९९ साली स्थापन झालेली 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहांची माहिती एकत्र करून मासळी मिळण्याचा संभव कोठे आहे, ते मराठीतूनही कळवते. त्यात दिशा, अंतर व खोली दिलेली असते. आकाश ढगाळ असले की मात्र हा सल्ला मिळत नाही.

या साखळीत एक कडी आपल्या हातात आहे. लिलावाच्या वहीत वजन आणि भाव असतो. पण बांगडा किती वाव पाण्यात, कोणत्या दिशेला लागला, हे तांडेलाच्या डोक्यातच राहते. जागा सांगितली तर दुसरा तेथे जाईल, ही भीती खोटी नाही. परंतु फेरी संपल्यावर, नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर, सोसायटीमार्फत ही माहिती संशोधन संस्थेला देता येईल. सल्ला खरा ठरला की चुकला, हे त्यावरूनच कळेल.

लेखी नोंदीचा दुसरा फायदा नुकसानीच्या वेळी होतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल सांडले आणि मासळीचा बाजार बसला. अशा वेळी पूर्वी किती मासळी उतरत होती, हे तोंडी सांगून भागत नाही. वही दाखवावी लागते.

मिरकरवाड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या व्यापारी व मच्छिमार बंधूंना आम्ही एवढेच सुचवू : वहीत तारीख, जागा, खोली, जात आणि वजन असे पाच रकाने आजच आखावेत.