नागपुरातली शारदा

१९७४ साली नागपुरातल्या एका मराठी प्राध्यापिकेने अचानक मराठी सोडली. वय तिशीच्या थोडं पुढे. बंगाली बोलायची, साडी बंगाली वळणाने नेसायची, नाव विचारलं की 'शारदा' सांगायची. फुलं तोडताना नाग चावला, एवढीच तिची शेवटची आठवण. तिच्या जगात आगगाडी नव्हती, म्हणजे काळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा. काही दिवस, कधी काही आठवडे शारदा राहायची. मग प्राध्यापिकाबाई परत येत आणि मधल्या दिवसांतलं त्यांना काही आठवत नसे.

आजोबा गेल्यावर वर्षभरात नातू झाला, की 'म्हातारा परत आला' असं कुठल्याही घरात कुणीतरी म्हणतंच. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी मात्र पुनर्जन्माच्या अशा दाव्यांच्या दोन हजारांहून अधिक नोंदी गोळा केल्या. त्यांत मागच्या जन्माबद्दल बोलणारी बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांची. शारदा निराळी होती, कारण तिच्याजवळ नुसती माहिती नव्हती, भाषा होती. माहिती कानावर पडते, पुस्तकातून झिरपते. भाषा बोलणं हे पोहण्यासारखं, सरावाशिवाय येत नाही. शारदावरही लिहिलेल्या १९८४च्या पुस्तकात स्टीव्हन्सन यांचा सगळा भर यावरच होता.

इथेच घोळ आहे. बाई तरुणपणी थोडं बंगाली वाचायला शिकल्या होत्या, बंगाली कादंबऱ्यांचे मराठी अनुवादही त्यांनी वाचले होते. शिवाय नागपुरात बंगाल्यांची जुनी वस्ती. भाषाशास्त्रज्ञ सारा थॉमसन यांनी या पुराव्याबद्दल शंका घेतली. शारदाची बंगाली कितपत अस्सल, यावर ऐकणाऱ्यांचंही एकमत नव्हतं.

विसरलेलं वाचन नव्या आठवणीच्या वेषात परत येतं, हे मानसशास्त्राला नवं नाही. जिनिव्हातली एलेन स्मिथ या नावाने ओळखली गेलेली बाई स्वतःला मागच्या जन्मीची हिंदू राजकन्या म्हणवायची. १९००च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ तेओदोर फ्लुर्न्वा यांनी तिच्या कथेचा धागा भारताच्या एका जुन्या फ्रेंच इतिहासात शोधून काढला. शारदाच्या कथेमागचं असं एखादं पुस्तक काही सापडलं नाही.

उलट बंगालमधल्या एका चट्टोपाध्याय घराण्याची वंशावळ मिळाली आणि शारदाने सांगितलेली काही नावं तीत जुळली. पण ती वंशावळ होती फक्त पुरुषांची. लेकीसुनांची नावं तीत कुणी लिहिलीच नव्हती, त्यामुळे शारदा नावाची कुणी होती की नव्हती, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही.