उतारवयातील बाग : काय लावावे, काय जपावे

मृगाच्या सरी पडल्या की माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांच्या बोलण्यात रक्तदाबाइतकाच मोगऱ्याचाही विषय निघतो. कोणाची जास्वंद पिठ्या ढेकणांनी पांढरी झालेली असते, तर कोणाच्या ड्रममधील लिंबाला तीन वर्षांत एकही फूल आलेले नसते. मी बागतज्ज्ञ नाही. परंतु इतक्या वर्षांच्या व्यवसायात ही माणसे मला आपापल्या कुंड्यांविषयी एवढे सांगत आली आहेत, की कोणत्या झाडाने कोणाला काय दिले आणि कोणत्या झाडापायी कोणाला दवाखाना गाठावा लागला, याचा एक हिशेब माझ्यापाशी आपोआप जमला आहे.

आधी जमेची बाजू पाहू. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या एका निवृत्त शिक्षिका दरवर्षी थंडी ओसरू लागली की मोगऱ्याची छाटणी करतात, काही दिवस पाणी कमी करतात आणि मग शेणखत घालतात. मार्चपासून त्यांच्या ओंजळीत कळ्या असतात. लिंबाच्या बाबतीतही अनुभवी मंडळींचे सांगणे असेच आहे : बियांपासून वाढवलेल्या रोपाची वाट पाहण्यापेक्षा कलम आणावे, ते भरपूर उन्हात ठेवावे, आणि पाने किंचित मलूल होईपर्यंत पाण्याचा ताण देऊन मग खतपाणी करावे. कढीपत्ता थंडीत विश्रांती घेतो. फाल्गुनात शेंडे खुडले की तो तरारतो. कित्येक जण याचे श्रेय आंबट ताकाला देतात. ताकाचा गुण की छाटणीचा, हा वाद मिटवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या ‘प्रयोग परिवारा’तून सामान्य माणसाच्या अशा स्वतःच्या प्रयोगांना प्रतिष्ठा मिळवून दिली, याचे स्मरण अशा वेळी होते.

पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर पडणेच सोडून दिलेले एक गृहस्थ मला आठवतात. तिच्या कुंड्या वाळू नयेत म्हणून ते पाणी घालू लागले. पुढे शेजारच्या बायका गवती चहा आणि पानओवा मागायला येऊ लागल्या. बोलणे सुरू झाले, भूक लागू लागली. यासाठी मला औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहिता आले असते?

आता दुसरी बाजू, आणि वैद्य या नात्याने माझा भर तिच्यावरच राहील.

बागेतील सर्वांत मोठा धोका म्हणजे पडणे. दहा लिटरच्या बादलीचे वजन दहा किलोहून अधिक भरते. ती एका हातात घेऊन शेवाळलेल्या गच्चीवर चालणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याला आमंत्रण देणे होय. आपण लहान झारी वापरावी, चार फेऱ्या अधिक झाल्या तरी चालतील. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना बराच वेळ वाकून एकदम उभे राहिल्यास चक्कर येते. म्हणून कुंड्या कट्ट्यावर, कमरेच्या उंचीला ठेवाव्यात आणि शेजारी बसायला स्टूल असावे. मधुमेहींनी अनवाणी मातीत उतरू नये. पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर गुलाबाचा काटा रुतलेलाही कळत नाही आणि आठ दिवसांनी पाय सुजलेला दिसतो. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते, हे बहुतेकांच्या गावीही नसते. पुढच्या तपासणीला आपल्या डॉक्टरांना तेवढे जरूर विचारा.

डेंग्यू पसरवणारा डास गटारापेक्षा आपल्या कुंडीखालच्या बशीत अधिक सुखाने नांदतो. त्याला साचलेले स्वच्छ पाणी लागते. मनीप्लांटची बाटलीही त्याला चालते. अंडी बशीच्या कडेला चिकटून कोरडेपणातही महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा बशी घासूनच घ्यावी. पावसाळ्यात तर बशा काढून ठेवणेच उत्तम.

शोभेच्या झाडांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. हिरव्या पानांवर पांढरट ठिपके असलेला डायफेनबेकिया आज घरोघरी दिवाणखान्यात दिसतो. त्याच्या पानांत आणि देठांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. खाजऱ्या अळूने घसा खवखवतो त्याचेही कारण हेच, परंतु अळू आपण चिंच घालून शिजवतो आणि हे पान नातवंडे कच्चेच चावतात. मग जीभ आणि ओठ सुजतात, लाळ गळते, क्वचित श्वासालाही अडथळा होतो. याहून गंभीर प्रकार कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी यांचा. देवपूजेसाठी ही झाडे आपण प्रेमाने लावतो, आणि त्यांची फुले वाहण्यास माझी काहीच हरकत नाही. परंतु त्यांच्या सर्व भागांत, बिट्टीच्या बियांत विशेषच, हृदयाची गती बिघडवणारे विष असते. ज्या घरात रांगते मूल आहे, किंवा स्मृतिभ्रंशामुळे हाती लागेल ते तोंडात घालणारे आजोबा वा आजी आहेत, त्या घरात ही झाडे हाताच्या अंतरावर असू नयेत.

औषधी वनस्पतींविषयी आपल्या मनात जो विश्वास आहे, त्याला धक्का लावण्याची माझी इच्छा नाही. चहात तुळशीची चार पाने किंवा आमटीत ओव्याचे पान, याविषयी कोण तक्रार करील? अडचण रोजच्या काढ्याची आहे. कोरफडीचे पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक तीव्र रेचक असतो. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याने तो गराबरोबर पोटात घेतला, तर पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘इन्सुलिनचे झाड’ या नावाने मिळणाऱ्या रोपात इन्सुलिन नसते. ती पाने चघळून गोळ्या बंद केलेले आणि साखर चारशेवर गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्याशी असहमती दर्शवली. तो वाद बाजूला ठेवला, तरी ज्यांना यकृताचा विकार आहे त्यांनी कुंपणावरची वेल स्वतःच्या मनाने उकळून पिऊ नये, एवढे मी निश्चित सांगेन.

फळांपैकी एकाच फळाचा इशारा द्यावासा वाटतो. कमरख, म्हणजे पाच धारांचे आणि आडवे कापले की चांदणीसारखे दिसणारे आंबट फळ, अंगणात भरभरून येते आणि शेजारीपाजारी वाटले जाते. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांना ते पूर्णपणे वर्ज्य आहे. त्यातील विषारी द्रव्य निकामी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही. न थांबणारी उचकी, उलट्या, भ्रम आणि पुढे झटके असा क्रम दिसतो, प्रसंगी तातडीने डायलिसिस करावे लागते. ‘एकाच फळाने काय होते’ असे येथे म्हणून चालणार नाही. लोणचे आणि सरबतही यातच आले.

काळजी घेणाऱ्यांना शेवटी एवढेच सांगतो. घरातील कोणी अनोळखी पान, बी किंवा फळ चावलेले आढळले, तर उलटी करवू नका. तोंडातील उरलेले तुकडे बोटाला कापड गुंडाळून काढा आणि गिळता येत असेल तर चूळ भरायला लावा. डायफेनबेकियाने तोंड भाजले असेल, तर थंड दुधाचे घोट देता येतात. आवाज बदलला किंवा श्वास जड झाला, तर थांबू नका. कण्हेर किंवा बिट्टीची शंका असल्यास माणूस ठणठणीत दिसत असला तरी १०८ क्रमांकावर गाडी बोलवा, कारण ठोके काही तासांनीही बिघडतात. आणि निघताना त्या झाडाची एक फांदी पिशवीत घालून सोबत घ्या, म्हणजे रुग्णालयात झाड ओळखण्यात वेळ जाणार नाही.